मोहिमेआधीची बैठक

नवी मोहीम सुरू करायची ठरली की खेळणाऱ्याच्या डोक्यात पहिला विचार येतो तो स्वतःच्या पात्राचा. जग कसं आहे, बरोबर कोण कोण आहे, गोष्ट कशाबद्दल आहे, हे सगळं नंतर. आठवडाभर जो तो आपापल्या घरी पात्र रंगवत बसतो. कोणी चार पानी पूर्वायुष्य लिहितं, कोणी तलवारीच्या मुठीवरची नक्षी ठरवतं, कोणी नियमपुस्तक कोळून पिऊन पाचव्या लेव्हलला काय घ्यायचं तेही पक्कं करून टाकतं. मग शनिवारी संध्याकाळी पाच माणसं पाच वेगवेगळ्या गोष्टींचे नायक घेऊन टेबलाभोवती जमतात आणि त्या पाचांना एखाद्या सराईत गाठून एकाच कामाला जुंपायची जबाबदारी खेळ चालवणाऱ्या डीएमवर येऊन पडते. पहिली बैठक उत्साहात पार पडते. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीला कोणीतरी अगदी रास्त प्रश्न विचारतं: माझं पात्र या लोकांबरोबर का थांबेल? त्याचं उत्तर कोणाकडेच नसतं, कारण पात्रं तयार होत असताना तो प्रश्न कोणासमोर आलेलाच नसतो.

हे पुस्तक त्या प्रश्नापासून सुरू होतं. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की मोहिमेतलं पात्र घरून तयार करून आणू नये. ते बरोबरच्या मंडळींसमोर, त्यांच्याशी बोलत, त्यांच्या पात्रांना खेटून घडावं. त्यासाठी मोहिमेआधीची एक अख्खी बैठक राखून ठेवावी. खेळणारे तिला 'सेशन झीरो' म्हणतात. तिच्यात लढाई नसते, राक्षस नसतात, खजिना नसतो. तरीही पुढची दोन वर्षं मोहीम चालणार की दोन महिन्यांत विरणार, हे बरंचसं त्या एका संध्याकाळी ठरतं.

हा खेळ कधीच न पाहिलेल्या वाचकासाठी चार ओळी. टेबलाभोवतीचा एक जण डीएम, म्हणजे डंजन मास्टर असतो. जग त्याचं, त्यातले गावकरी, राजे, चोर आणि ड्रॅगन त्याचे. बाकीच्यांकडे प्रत्येकी एकच पात्र. 'मी कान देऊन दाराबाहेरचं ऐकते' असं खेळाडू म्हणते, निकाल अनिश्चित असेल तर वीस बाजूंचा फासा टाकते, आलेल्या आकड्यात आपल्या पात्राच्या अंगच्या गुणाप्रमाणे अधिक-उणे करते आणि पुढे काय झालं ते डीएम सांगतो. तीच पात्रं घेऊन आठवड्यांमागून आठवडे पुढे जाणारी सलग गोष्ट म्हणजे कॅम्पेन, आपली मोहीम.

अशा पात्राचा जन्मच मुळी टेबलावर झाला. 1960च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत युद्धखेळ खेळणारी एक मंडळी होती. छोटे सैनिक, नकाशे, मोजपट्टी, दोन बाजूंचे सेनापती, असा तो खेळ. त्यांच्यातल्या डेव्हिड वेस्ली यांनी नेपोलियनच्या काळातलं ब्राउनस्टाइन नावाचं गाव कल्पिलं आणि सैन्यांबरोबरच गावातली माणसंही खेळाडूंना वाटून दिली. कोणी नगराध्यक्ष, कोणी बँकवाला, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. खेळाडू लढाईची वाट पाहत बसले नाहीत. ते एकमेकांना कोपऱ्यात गाठून कारस्थानं करू लागले. सगळा गोंधळ पाहून वेस्लींना वाटलं, खेळ फसला. खेळणाऱ्यांना मात्र तो पुन्हा खेळायचा होता. त्याच मंडळीतल्या डेव्ह आर्नसन यांनी ही कल्पना उचलून ब्लॅकमूर नावाच्या काल्पनिक प्रदेशात नेली. तिथे खेळाडूचं पात्र एका बैठकीनंतर संपत नसे. ते अनुभव कमवायचं आणि पुढच्या वेळी थोडं तगडं होऊन परत यायचं. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्स यांनी जेफ पेरेन यांच्याबरोबर 1971 मध्ये 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचं नियमपुस्तक काढलं होतं. त्यात जादूगार आणि ड्रॅगन यांची एक पुरवणी होती. आर्नसन आणि गायगॅक्स एकत्र आले आणि 1974 मध्ये टीएसआर या छोट्या कंपनीने 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आणलं. एका खोक्यात तीन पुस्तिका, किंमत 10 डॉलर, पहिली आवृत्ती 1000 प्रतींची.

या इतिहासातली एक गोष्ट माझ्या म्हणण्याला थेट लागू पडते. ब्लॅकमूरमध्ये एका खेळाडूचं पात्र व्हँपायर झालं होतं. सर फँग त्याचं नाव. तो इतका शिरजोर झाला की बाकीच्यांना आवरेना. मग त्याला तोंड देऊ शकेल असं पात्र हवं, म्हणून देवाधर्माच्या बळावर पिशाचांना पळवून लावणारा धर्मोपदेशक तयार झाला. आज जगभरच्या टेबलांवर जो 'क्लेरिक' खेळला जातो त्याचं मूळ हे असं आहे. एका टेबलावर एका खेळाडूने एक प्रकार केला, दुसऱ्याने त्याला उत्तर म्हणून पात्र घडवलं, आणि तो पुढे नियम झाला. पन्नास वर्षांनंतर आपण तोच क्लेरिक छापील यादीतून एकट्याने निवडतो आणि तो कोणासाठी आणि कोणाविरुद्ध जन्मला होता हे विसरतो.

त्या पहिल्या पिढीला नावांचंही फारसं ओझं नव्हतं. गायगॅक्स यांच्या मुलाने अर्नेस्ट या स्वतःच्या नावातली अक्षरं फिरवून टेन्सर हा जादूगार केला. जिम वॉर्ड यांनी आपलं नाव उलटं लिहून ड्रॉमिज केला. ही नावं पुढे मंत्रांच्या नावांत जाऊन बसली आणि आजही नियमपुस्तकांत सापडतात. नाव सुचत नाही म्हणून दोन दिवस अडून बसलेल्या नवख्या खेळाडूला मी हे आवर्जून सांगतो. नावाला वजन येतं ते नंतर, त्या नावाने काय केलं यावरून.

आता आकडे. पात्राच्या कागदावर सर्वांत वर सहा गुण असतात: स्ट्रेंग्थ म्हणजे ताकद, डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई, कॉन्स्टिट्यूशन म्हणजे काटकपणा, इंटेलिजन्स म्हणजे बुद्धी, विज्डम म्हणजे समज, आणि करिझ्मा म्हणजे माणसावर पडणारी छाप. 1974च्या नियमांत हे आकडे खेळाडूने टाकायचे नव्हतेच. पंचाने, म्हणजे आजच्या डीएमने, प्रत्येक गुणासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे आणि आले त्या क्रमाने खेळाडूच्या हाती द्यायचे. तीन फाशांचे निकाल 216 प्रकारे पडू शकतात आणि त्यातल्या एकाच प्रकारात 18 येतात. सरासरी साडेदहा. म्हणजे बहुतेक पात्रं आपल्यासारखीच, एखाद्या बाबतीत बरी आणि एखाद्या बाबतीत लंगडी. 1979च्या डीएमसाठीच्या पुस्तकात चार फासे टाकून सर्वांत लहान वगळायची आणि आकडे हवे तिथे लावायची पद्धत आली. सरासरी बाराच्या वर गेली, 18 येण्याची शक्यता साडेतीन पटींनी वाढली. 2014च्या पाचव्या आवृत्तीत फासे नको असतील तर 15, 14, 13, 12, 10, 8 हे तयार आकडे घ्या, किंवा 27 गुणांच्या हिशेबात हवे तसे विकत घ्या, अशी सोय आहे. दशकागणिक नशिबाचा वाटा कमी झाला आणि निवडीचा वाढला.

हा बदल चांगला की वाईट, यावर खेळणाऱ्यांत कडाक्याचे वाद होतात. लांब मोहिमेसाठी तयार आकडे न्याय्य आहेत, हे मला मान्य आहे. एकाकडे दोन अठरा आणि दुसऱ्याकडे एकही चौदा नाही, असं वर्षभर चाललं तर दुसऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. पण पात्र सुचण्यासाठी तीन फासे, आले त्या क्रमाने, यासारखं साधन मला दुसरं सापडलेलं नाही. आपण स्वतः निवडायला बसलो की नेहमीचंच निवडतो. फासा आपल्या सवयीबाहेरचं माणूस समोर आणून उभं करतो.

एक उदाहरण पूर्ण उलगडून दाखवतो. समजा आकडे आले: ताकद 9, चपळाई 14, काटकपणा 6, बुद्धी 13, समज 11, छाप 16. पहिली प्रतिक्रिया हळहळीची असते. सहाचा काटकपणा म्हणजे पाचव्या आवृत्तीच्या हिशेबाने उणे दोन. पहिल्या लेव्हलच्या सॉर्सररकडे, म्हणजे एका प्रकारच्या जादूगाराकडे, सहा जीवगुण असतात, त्यातून दोन गेले की उरले चार. गॉब्लिनच्या वाकड्या तलवारीचा सरासरी घाव पाचाचा. म्हणजे एका साध्या फटक्यात ही बाई आडवी. आता हळहळ बाजूला ठेवून विचारायचं: इतक्या नाजूक तब्येतीचं माणूस या जगात मोठं झालं तरी कसं? डीएमने मोहिमेबद्दल तीनच वाक्यं सांगितली आहेत. डोंगरातलं चांदीच्या खाणीचं गाव. खाण गेल्या वर्षी अचानक बंद करण्यात आली. आत काय झालं ते कोणी बोलत नाही. चांदी वितळवायच्या भट्टीचा धूर लहानपणापासून छातीत गेलेली ही मुलगी, तिचं नाव मिरेल. खाणीत उतरण्याची ताकद नव्हती, म्हणून वर कारकुनाच्या खोलीत वाढली, लिहा-वाचायला शिकली. तेरा बुद्धी तिथे कामी आली. आणि छाप सोळा, कारण गावात कोणाकडे वाईट बातमी घेऊन जायची असली की तिलाच पाठवत. ती सांगायची तसं कोणाला सांगता येत नसे.

इथपर्यंत एकटा खेळाडू पोचू शकतो. पुढचं एक वाक्य महत्त्वाचं आहे: खाण बंद झाली त्या दिवशी मिरेलने एका घरी जाऊन त्यांचा मुलगा गेल्याचं सांगितलं, पण त्याचं प्रेत तिने पाहिलेलं नव्हतं. या वाक्यापाशी खेळाडूने थांबावं आणि मान वर करून बाकीच्यांकडे पाहावं. कारण आता टेबल बोलू लागतं. शेजारचा म्हणतो, माझा ड्वॉर्फ त्या दिवशी खाणीच्या फाटकावर पहारेकरी होता, फाटक बंद करायचा हुकूम त्यानेच अमलात आणला. तिसरी म्हणते, मी चोर खेळणार होते, मग ज्या घरी तू बातमी घेऊन आलीस त्या घरची मी धाकटी मुलगी, माझा भाऊ मेलेला नाही याची मला खात्री आहे. क्लेरिक खेळणारा जरा वेळ घेतो आणि म्हणतो, रिकाम्या तिरडीवर अंत्यविधी मी केला, आणि त्याची दक्षिणाही घेतली. दहा मिनिटांत चार माणसं एका गाठीत बांधली गेली. यातल्या कोणाचीही सराईत गाठ घालून द्यावी लागणार नाही. 'मी यांच्याबरोबर का थांबेन' हा प्रश्न उलटा झाला. आता यांना सोडून जायचं कुठे, असा झाला. आणि त्या मुलाचं नेमकं काय झालं, ही कोरी जागा डीएमच्या हाती आली. मोहिमेचा निम्मा मसुदा त्याला खेळाडूंनीच लिहून दिला.

ही किमया मी शोधलेली नाही. नियम रचणारे लोक कित्येक वर्षं याच वाटेने येत आहेत. 1987च्या 'आर्स मॅजिका'मध्ये जादूगारांच्या मठातले साधे सैनिक कोणा एकाच्या मालकीचे नसतात, टेबलावरचे सगळे ते आळीपाळीने खेळतात. 2006च्या 'स्पिरिट ऑफ द सेंच्युरी'मध्ये प्रत्येकाने आपल्या पात्राच्या एका जुन्या साहसाचा सारांश लिहायचा आणि तो कागद पुढे सरकवायचा. दुसऱ्यांची पात्रं त्या साहसात येऊन काहीतरी करून जातात. 2012च्या 'डंजन वर्ल्ड'मध्ये कागदावरच अर्धवट वाक्यं छापलेली असतात आणि गाळलेल्या जागी शेजाऱ्याच्या पात्राचं नाव भरायचं असतं. आपण कोणताही खेळ खेळत असलो तरी ही युक्ती उचलायला परवानगी लागत नाही.

क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, निवडण्याबद्दल मी थोडक्यात बोलणार आहे, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त बोललं जातं. 1974 मध्ये तीनच होते: लढवय्या, जादूगार, क्लेरिक. चोर पुढच्या वर्षी 'ग्रेहॉक' या पुरवणीत आला. आज बारा-तेरा आहेत आणि प्रत्येकाच्या पोटात उपप्रकार. 'कोणीतरी क्लेरिक घ्यायलाच हवा' म्हणून नवख्या खेळाडूच्या गळ्यात नको असलेलं पात्र मारणं हा मला अन्याय वाटतो. जखमा भरून काढणारं कोणी नसेल तर डीएमने गावात वैद्य ठेवावा, औषधाच्या चार बाटल्या जास्त ठेवाव्यात, लढाया कमी कराव्यात. डीएमला जग बदलता येतं. माणसाने मनाविरुद्ध घेतलेलं पात्र मात्र वर्षभर मनाविरुद्धच राहतं.

पूर्वायुष्य किती लिहावं, हा प्रश्न यापेक्षा पुष्कळ खोल आहे. या बाबतीत खेळांनी दोन टोकं गाठलेली आहेत. 1977चा 'ट्रॅव्हलर' हा अंतराळातल्या प्रवासाचा खेळ. त्यात पात्राची नोकरीची वर्षं फाशांवर खेळून काढायची असतात, आणि पहिल्या आवृत्तीत त्या दरम्यान पात्र मरूही शकत होतं, मोहीम सुरू होण्याआधीच. दुसऱ्या टोकाला 2012चा 'डंजन क्रॉल क्लासिक्स'. तिथे प्रत्येक खेळाडूला तीन-चार गावकरी मिळतात, कोणी शेतकरी, कोणी लोहार, हातात शस्त्र म्हणावं तर दाताळं किंवा हातोडा. सगळ्यांना एका भयानक भुयारात उतरवतात. जो जिवंत बाहेर येतो तो नायक, आणि भुयारात जे घडलं तेच त्याचं पूर्वायुष्य.

माझा कल दुसऱ्या टोकाकडे झुकतो, पण पूर्ण तिकडे नाही. अर्धं पान पुरतं, असं माझं मत आहे. त्या अर्ध्या पानात पात्राला आत्ता काय हवं आहे ते असावं, आणि ते मिळवण्याच्या आड काय येतं ते असावं. घडून गेलेल्या पराक्रमांची यादी नसावी. पहिल्या लेव्हलच्या तलवारबाजाने म्हणे आधीच तीन युद्धं जिंकली, मग टेबलावर आपण पाहणार काय? सर्वांत थरारक गोष्ट पात्राच्या भूतकाळात घडून गेली असेल तर ती मोहिमेने हरवलेली गोष्ट आहे.

अनाथ, एकलकोंड्या, सूडाने पेटलेल्या नायकाबद्दलही इथेच लिहून टाकतो. दर मोहिमेत एक तरी असतो. असं पात्र खेळाडूला सुरक्षित वाटतं. आई-बाप नाहीत, गाव जळून गेलेलं, म्हणजे डीएमच्या हाती ओढायला दोरी नाही. पण ती दोरी असण्यातच तर मोहिमेची गंमत आहे. मी नव्या खेळाडूला एकच आग्रह करतो: एक माणूस जिवंत ठेव. म्हातारी आत्या, वाईट सवयींचा भाऊ, उधारी न विसरणारा सावकार, कोणीही. मोहीम रानात भरकटली की डीएम त्या माणसाची चिठ्ठी घेऊन येतो आणि सगळ्यांना पुन्हा रस्ता सापडतो.

स्वभावासाठीही नियम आहेत आणि त्यांचा उपयोग समजून करावा. जुन्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये सुव्यवस्था, तटस्थता आणि अराजक अशा तीन बाजू होत्या, पॉल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या कादंबऱ्यांतून उचललेल्या. 1978पर्यंत त्यांत सुष्ट-दुष्टाची भर पडून नऊ घरांचा तक्ता झाला. तो लोकांना फार आवडतो. मला तो फार ढोबळ वाटतो, कारण 'माझं पात्र असंच आहे' म्हणून सोबत्यांच्या खिशात हात घालायला तो निमित्त पुरवतो. यापेक्षा कितीतरी बारीक काम ग्रेग स्टॅफर्ड यांनी 1985च्या 'पेंड्रॅगन'मध्ये केलं. आर्थर राजाच्या सरदारांचा हा खेळ. त्यात स्वभावाच्या 13 जोड्या आहेत, दयाळू आणि क्रूर, शूर आणि भित्रा अशा. प्रत्येक जोडीची बेरीज 20. दया 14 असेल तर क्रौर्य 6 आहेच, शून्य नाही. कसोटीच्या क्षणी फासा पडतो आणि कधीकधी दयाळू सरदाराचा हात उठतो. तो आकडा खेळातल्या वागण्याने वर-खाली होत राहतो. पेंड्रॅगन न खेळणाऱ्यांनीही आपल्या पात्रासाठी अशा दोन जोड्या लिहून पाहाव्यात.

पात्र जगातलं हवं, याचा अर्थ जगाबद्दल सगळं पाठ हवं असा नाही. 1975मध्ये आलेल्या 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' या खेळाचं टेकुमेल हे जग मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाचा अभ्यास शिकवणाऱ्या एम. ए. आर. बार्कर यांनी रचलं होतं. भाषा, घराणी, देवळं, मानमरातब, सगळं इतकं दाट की नवखा गोंधळूनच जावा. म्हणून त्यात पात्रं सुरुवातीला परदेशी म्हणून बोटीतून बंदरावर उतरतात आणि परक्यांच्या वस्तीत राहतात. खेळाडूला काही माहीत नाही, पात्रालाही नाही, दोघं मिळून शिकतात. डीएमने दोनशे पानांचं जग लिहिलं असेल तर हा मार्ग घ्यावा. तीन वाक्यांचं जग असेल तर खाणीच्या गावाचा.

आता मराठी टेबलांबद्दल. पुण्या-मुंबईत, आणि ऑनलाइन टेबलांवर तर कुठूनही, मराठी मंडळी हा खेळ खेळतात. नियम इंग्रजीत बोलले जातात, 'इनिशिएटिव्ह रोल करा' वगैरे, आणि पात्रं मराठीत भांडतात. हे मला फार मोलाचं वाटतं. मराठीत पात्र तोंड उघडतं त्या क्षणी नातं ठरवावं लागतं. मिरेल त्या ड्वॉर्फ पहारेकऱ्याला 'अहो काका' म्हणणार की 'ए फाटकवाल्या'? भाऊ हरवलेली चोर पोरगी क्लेरिकला 'महाराज' म्हणून वाकणार की सरळ 'तू' म्हणणार? सेशन झीरोला हे ठरवून घ्या. कोण कोणाला काय हाक मारतं याची चिठ्ठी कागदाच्या कोपऱ्यात असू द्या. काही महिन्यांनी चोर पोरीच्या तोंडी पहिल्यांदा 'काका' येईल, तेव्हा टेबलावर सगळ्यांना कळेल की काय बदललं.

आवाज काढता येत नाही म्हणून मराठीत खेळायला लाजणारेही पुष्कळ आहेत. 2015पासून 'क्रिटिकल रोल' या कार्यक्रमाच्या निमित्ताने व्यावसायिक आवाज-कलाकारांचा खेळ जगाने पाहिला, आणि अनेकांना वाटू लागलं की असा अभिनय जमला तरच खेळावं. पात्र आवाजात नसतं. 'मिरेल दार उघडत नाही, आधी आतल्यांना नाव विचारते' असं सपाट स्वरात सांगणारी खेळाडूही तितकीच पात्रात असते.

आपल्या मातीतलं जग रचायचं असेल तर आणखी एक काम आहे, आणि ते टाळू नये. गाव आलं की जात येते, विहीर येते, बाईच्या बाहेर पडण्यावरची बंधनं येतात. कोणाला हे सगळं गोष्टीत हवं असतं, कारण त्याच्याशी लढायचं असतं. कोणी दिवसभर तेच सोसून आलेलं असतं आणि खेळात तरी ते नको असतं. दोन्ही मागण्या खऱ्या आहेत. रॉन एडवर्ड्स यांनी यासाठी 'लाइन्स अँड व्हेल्स' ही पद्धत मांडली: काही विषय रेषेपलीकडचे, मोहिमेत येणारच नाहीत, आणि काही पडद्याआडचे, घडले तरी तपशिलात दाखवायचे नाहीत. पात्रं तयार करण्याआधी हे बोलून घ्यावं, नंतर नाही. नाहीतर एखादी आपल्या पात्राचं सगळं दुःख अशा विषयाभोवती गुंफून बसेल जो दुसऱ्याला ऐकवत नाही. वंशाबद्दलही हेच. एल्फ म्हणजे हुशार, ऑर्क म्हणजे मठ्ठ, अशी जन्मावरून गुण वाटायची जुनी रीत खुद्द डंजन्स अँड ड्रॅगन्सने 2024च्या पुस्तकात सोडली. गुणांची वाढ आता जन्माकडून पात्राच्या पूर्वीच्या कामधंद्याकडे आली आहे. आपल्याला तर हे पटायला मुळीच अवघड जाऊ नये.

भारतीय भूमीवरची पात्रं छापील पुस्तकांत येऊ लागली आहेत. 2022च्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल'मध्ये कोलकात्याच्या मिमी मोंडल यांनी बंगालच्या नदीकाठावरून सुचलेला प्रदेश लिहिला. सह्याद्रीच्या घाटावरची मोहीम अजून घरगुती वह्यांतच आहे. त्या वह्या छापल्या जाव्यात अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मोहीम सुरू झाली की पहिल्या तीन बैठकी कागद पेन्सिलीनेच भरलेला ठेवावा. मिरेल गोड बोलणारी म्हणून लिहिली होती, पण टेबलावर ती रोखठोक निघाली, असं हमखास होतं. अशा वेळी कागद बदलावा, खेळणं बदलू नये. मंत्र जमत नसेल तर तोही बदलून द्यावा. डीएमने यात कंजुषी करू नये.

आणि पात्रं मरतात. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 1983च्या लाल खोक्यातल्या सुरुवातीच्या साहसात खेळाडूला मदत करणारी अलीना ही क्लेरिक पहिल्याच भुयारात बार्गल नावाच्या जादूगाराच्या हातून मरते, आणि त्या पिढीतले खेळाडू आजही तिचं नाव काढतात. खेळाडूचं स्वतःचं पात्र गेलं तर नव्या पात्रासाठी पुन्हा घरी पाठवू नका. त्याच टेबलावर, त्याच संध्याकाळी विचारा: मेलेल्या पात्राला ओळखणारं, त्याच्याकडून काही येणं असलेलं कोण आहे? मिरेल गेली तर तिच्या कचेरीतला तो म्हातारा कारकून येईल, ज्याने त्या दिवशीच्या यादीत मुलाचं नाव लिहिलं होतं.

पुस्तकाची प्रकरणं क्रमाने वाचायची गरज नाही. डीएमने आधी मोहिमेची तीन वाक्यं लिहिण्याचं प्रकरण वाचावं आणि ती वाक्यं खेळाडूंना आठवडाभर आधी पाठवावीत. खेळाडूंनी बैठकीला येण्याआधी काहीच वाचलं नाही तरी चालेल. गुणांचे तक्ते आणि गाळलेल्या जागांची वाक्यं टेबलावर उघडून ठेवण्यासाठी दिली आहेत. मोहीम आधीच सुरू असेल आणि मध्येच कोणी नवा गडी येणार असेल, तर थेट शेवटच्या प्रकरणापासून सुरुवात करावी.